फॉस्फोरिलेशनची जागा सापडली, असे केव्हा म्हणावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही अभ्यासत असलेल्या प्रथिनाचा बँड पेशींना उत्तेजन दिल्यावर जेलवर वर सरकतो आणि लॅम्डा फॉस्फेटेज (फॉस्फेट काढून टाकणारे एन्झाइम) दिले की परत खाली येतो. तो बँड कापून, ट्रिप्सिन या प्रथिने कापणाऱ्या एन्झाइमने त्याचे पाचन करून मास स्पेक्ट्रोमीटरवर चालवला, तेव्हा ८२ टक्के अमिनो आम्ल-क्रम व्यापला गेला, पण फॉस्फेट असलेले पेप्टाइड एकही मिळाले नाही. दुसऱ्या खेपेला समृद्धीकरणासाठी (फॉस्फेटवाली पेप्टाइड्स वेगळी काढण्यासाठी) टायटॅनियम डायऑक्साइड वापरल्यावर एक मिळाले. मात्र अहवालात, फॉस्फेट त्या जागी असण्याची शक्यता म्हणून, सेरीनपुढे ०.५८ आणि त्याच पेप्टाइडमधल्या थ्रिओनीनपुढे ०.४२ असे आकडे आहेत. पहिल्या निकालावरून फॉस्फोरिलेशन (प्रथिनावर फॉस्फेट बसणे) नाही असे समजायचे का, आणि दुसऱ्यावरून त्या सेरीनच्या जागी ॲलनीन घालणारे उत्परिवर्तन करायला घ्यायचे का, असे तुम्ही विचारले आहे. दोन्हींचे उत्तर नाही असेच आहे, पण कारणे निरनिराळी आहेत आणि ती नीट कळली तर पुढचा प्रयोग कोणता करायचा हेही आपोआप ठरते.

आधी पहिला निकाल घेऊ. ८२ टक्के व्याप्ती हा आकडा दिसायला भरघोस असला तरी तो फक्त इतकेच सांगतो की त्या भागांची पेप्टाइड्स कोणत्या ना कोणत्या रूपात दिसली, आणि साध्या, न समृद्ध केलेल्या नमुन्यात ते रूप बहुतेक वेळा फॉस्फेटविरहितच असते. एखाद्या जागेवर प्रथिनाच्या शंभर रेणूंपैकी दोन-तीन रेणूच फॉस्फेट बाळगून असतील, तर त्यांचा आयनप्रवाह शेजारच्या ठळक पेप्टाइड्समध्ये बुडून जातो आणि यंत्र त्यांना तोडायला निवडतच नाही. तुमच्या बाबतीत मात्र आणखी एक धागा हाती आहे. बँड डोळ्यांना दिसेल इतका वर सरकतो, म्हणजे वरच्या बँडमधल्या जवळपास सर्व रेणूंवर ते फॉस्फेट असले पाहिजे. तुम्ही वरचा आणि खालचा बँड एकत्र कापला असेल, तर आधी हाताशी असलेले समृद्धीकरण स्वतःच गमावलेत; आणि वरचाच वेगळा कापूनही काही मिळाले नसेल, तर संशयाची सुई त्या न दिसलेल्या १८ टक्क्यांकडे वळते. त्या भागात सेरीन, थ्रिओनीन आणि टायरोसीन किती आहेत हे क्रम समोर ठेवून मोजा. दोन बँड नीट वेगळे होत नसतील, तर फॉस-टॅग मिसळलेले जेल वापरा. ते फॉस्फेटला धरून प्रथिनाची चाल मंदावते, त्यामुळे अंतर वाढते.

न दिसणाऱ्या भागाचा दोष बहुधा ट्रिप्सिनकडे जातो. ट्रिप्सिन लायसीन आणि आर्जिनीनच्या पुढे कापते, आणि नेमके याच अमिनो आम्लांच्या शेजारी अनेक कायनेजांचे, म्हणजे फॉस्फेट बसवणाऱ्या एन्झाइमांचे, लक्ष असते. प्रोटीन कायनेज-ए ला सेरीनच्या अलीकडे दोन आर्जिनीन लागतात, हे सर्वांना माहीत असलेले उदाहरण आहे. हिस्टोन एच-३ च्या १० व्या सेरीनवर हा पेच स्पष्ट दिसतो. त्याच्या अलीकडे नववे लायसीन आहे आणि पुढे चौदावे. साधे ट्रिप्सिन वापरले तर हाती येते सेरीन, थ्रिओनीन, ग्लायसीन, ग्लायसीन, लायसीन असा पाचच अमिनो आम्लांचा तुकडा, जो क्रोमॅटोग्राफीच्या सी-१८ स्तंभावर धड टिकतही नाही आणि क्षार धुऊन काढतानाच वाहून जातो. म्हणून हिस्टोनवर काम करणारे प्रोपिऑनिक ॲनहायड्राइडने लायसीन झाकून टाकतात. मग ट्रिप्सिन फक्त आर्जिनीनपाशी कापते आणि ९ ते १७ असा नऊ अमिनो आम्लांचा, व्यवस्थित दिसणारा तुकडा मिळतो. तुमच्या प्रथिनासाठी इतके करायची गरज बहुधा पडणार नाही. नमुन्याचे दोन-तीन भाग करून एकावर ट्रिप्सिन, दुसऱ्यावर ग्लू-सी आणि तिसऱ्यावर कायमोट्रिप्सिन लावले, तर ज्या भागात एकाचा तुकडा फार आखूड किंवा फार लांब पडतो तिथे दुसऱ्याचा सोयीचा पडतो. आणखी एक गोष्ट : कापण्याच्या जागेजवळ फॉस्फेट असेल तर ट्रिप्सिन अडते आणि काप चुकतो. त्यामुळे संगणकीय शोधात चुकलेल्या कापांची मर्यादा एकवर ठेवली असेल, तर ती दोन किंवा तीन करून जुनीच माहिती पुन्हा शोधून पाहा. त्याला खर्च काहीच नाही.

शुद्ध प्रथिन पुरेसे असेल तर मी पेप्टाइडकडे वळण्यापूर्वी अख्ख्या प्रथिनाचे वस्तुमान मोजायला सांगतो, आणि लोक ही पायरी का टाळतात हे मला आजवर समजलेले नाही. सुमारे ४५,००० डाल्टनच्या प्रथिनावर ८० डाल्टनची भर इलेक्ट्रोस्प्रे मास स्पेक्ट्रोमीटरवर सहज वेगळी दिसते. शून्य, एक, दोन की तीन फॉस्फेट आहेत आणि साधारण कोणत्या प्रमाणात आहेत, हे एका मोजणीत कळते. पुढे तीन फॉस्फेटांपैकी दोनच जागा सापडल्या, तर एक शोधायची राहिली आहे हे तरी ठाऊक असते. ९८ डाल्टनची भर दिसली तर मात्र हुरळून जाऊ नका. फॉस्फोरिक किंवा सल्फ्युरिक आम्लाचा रेणू प्रथिनाला नुसताच चिकटून राहिला तरी ती भर दिसते.

नमुना तयार करताना पेशी फोडण्याचा क्षण सर्वांत घातक असतो, कारण कायनेजांना लागणारे एटीपी संपते आणि फॉस्फेटेज मात्र काम करतच राहतात. बर्फावर ठेवणे पुरेसे नाही. सोडियम फ्लोराइड, ऑर्थोव्हॅनाडेट आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट हे नेहमीचे रोधक पहिल्या थेंबापासून द्रावणात असावेत, किंवा त्याहून बरे म्हणजे प्रथिने एका झटक्यात उलगडतील असे ८ मोलर युरिया किंवा उकळते ग्वानिडीन वापरावे. युरिया असेल तर तापवू नये. व्हॅनाडेटसोबत ईडीटीए किंवा डीटीटी घातले की व्हॅनाडेटचा रोध सुटतो, ही चूक तयार कृती एकमेकींत मिसळताना वारंवार होते. बीटा-ग्लिसरोफॉस्फेट हे स्वतःच एक फॉस्फेट असल्यामुळे समृद्धीकरणाच्या आधी ते धुऊन निघाले पाहिजे.

समृद्धीकरणाचे दोन मुख्य मार्ग आहेत. एक म्हणजे धातूच्या आयनाला फॉस्फेट धरू देणे, ज्याला प्रयोगशाळेत सगळे आयमॅक म्हणतात. लोहाच्या आयनाचा हा वापर अँडरसन आणि पोराथ यांनी १९८६ मध्ये दाखवला. दुसरा म्हणजे तुम्ही वापरलेले टायटॅनियम डायऑक्साइड. दोन्हींचे दुखणे एकच : ॲस्पार्टिक आणि ग्लुटामिक आम्लांनी भरलेली साधी पेप्टाइड्सही तिथे येऊन चिकटतात. म्हणून नमुना ८० टक्के ॲसिटोनायट्राइल आणि सुमारे ५ टक्के ट्रायफ्लुओरोॲसेटिक आम्लात चढवतात, जेणेकरून कार्बॉक्सिल गटांवर प्रभार राहत नाही, आणि सोबत ग्लायकॉलिक किंवा लॅक्टिक आम्ल घालतात, जे उरलेल्या आगंतुकांशी जागेसाठी स्पर्धा करते. सोडवून घ्यायला सौम्य अमोनिया पुरतो, पण बाहेर येताच द्रावण आम्लधर्मी करा. आम्लारिधर्मी द्रावणात फॉस्फोसेरीनवरचे फॉस्फेट सुटू लागते. तीन-चार फॉस्फेट असलेली पेप्टाइड्स टायटॅनियम डायऑक्साइडवरून सहजी सुटत नाहीत. ती आयमॅकमध्ये बरी मिळतात. क्रोमॅटोग्राफीच्या मार्गात पोलादी नळ्या असतील तर अशी पेप्टाइड्स तिथल्या लोहालाही चिकटून बसतात. टायरोसीनची गोष्ट निराळी आहे. मानवी हेला पेशींवरच्या २००६ मधल्या एका मोठ्या मोजणीत सापडलेल्या जागांपैकी सेरीन ८६.४ टक्के, थ्रिओनीन ११.८ टक्के आणि टायरोसीन अवघे १.८ टक्के होते, त्यामुळे टायरोसीन हवे असेल तर त्याच्या प्रतिपिंडाशिवाय सहसा भागत नाही.

आता खऱ्या मुद्द्याकडे, म्हणजे ०.५८ आणि ०.४२ कडे येतो. पेप्टाइडवर फॉस्फेट आहे हे ओळखणे आणि ते कोणत्या अमिनो आम्लावर आहे हे ठरवणे, या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत आणि दोन्हींचा पुरावा वेगवेगळ्या शिखरांत असतो. सॉफ्टवेअरचा एक टक्का त्रुटीदर पहिल्या गोष्टीबद्दल बोलतो, दुसरीबद्दल नाही. हे प्रत्यक्ष आकड्यांत पाहण्यासाठी गाईच्या दुधातल्या बीटा-केसीनसारखे उदाहरण नाही. ते स्वस्त आहे, सर्वत्र मिळते, आणि प्रत्येक समृद्धीकरणाच्या वेळी सोबत चालवावे असे माझे मत आहे. त्याचे ट्रिप्सिनने कापलेले ३३ ते ४८ हे पेप्टाइड असे आहे : फिनाइलॲलनीन, ग्लुटामिन, सेरीन, ग्लुटामिक, ग्लुटामिक, ग्लुटामिन, ग्लुटामिन, ग्लुटामिन, थ्रिओनीन, ग्लुटामिक, ॲस्पार्टिक, ग्लुटामिक, ल्युसीन, ग्लुटामिन, ॲस्पार्टिक, लायसीन. त्यात तिसऱ्या स्थानी सेरीन आहे आणि नवव्या स्थानी थ्रिओनीन. म्हणजे तुमच्यासारखाच पेच.

फॉस्फोरिलेशनने वस्तुमानात ७९.९६६३ डाल्टनची भर पडते. फॉस्फेटविना या पेप्टाइडचा एक प्रभाराचा आयन १९८१.८६ वर, तर फॉस्फेटसह २०६१.८३ वर येतो. यंत्रात तो बहुधा दोन प्रभार घेऊन १०३१.४२ वर दिसतो. इथवर फक्त फॉस्फेट आहे इतके कळले. आता हा आयन तोडल्यावर लायसीनच्या टोकाकडून मोजल्या जाणाऱ्या तुकड्यांकडे, म्हणजे वाय-मालिकेकडे, पाहू. वाय-७ मध्ये, म्हणजे शेवटच्या सात अमिनो आम्लांच्या तुकड्यात, थ्रिओनीन नाही, ते ८७६.३९ वर येते. वाय-८ मध्ये थ्रिओनीन येते. त्यावर फॉस्फेट नसेल तर भर १०१.०५ ची पडून शिखर ९७७.४४ वर येईल. असेल तर भर १८१.०१ ची पडून ते १०५७.४१ वर येईल. त्यापुढे वाय-१३ पर्यंत हाच फरक कायम राहतो : फॉस्फेट सेरीनवर असेल तर वाय-१३ हे १६१९.७० वर, थ्रिओनीनवर असेल तर १६९९.६७ वर. वाय-१४ मध्ये सेरीनही सामील होते आणि दोन्ही शक्यतांत शिखर १७८६.७० वरच येते, म्हणून त्याचा निवाड्याला काही उपयोग नाही. थोडक्यात, वाय-८ ते वाय-१३ आणि दुसऱ्या टोकाकडून मोजलेली बी-३ ते बी-८ एवढीच शिखरे साक्ष देऊ शकतात. बाकी स्पेक्ट्रम कितीही सुबक असला तरी या प्रश्नापुरता तो मुका आहे. बीटा-केसीनमध्ये ९७७.४४ आणि १६१९.७० ही शिखरे ठळक मिळतात आणि फॉस्फेट ३५ व्या सेरीनवर आहे हे त्यांवरून ठरते.

याच स्पेक्ट्रममध्ये एक सापळाही आहे. फॉस्फोसेरीन आणि फॉस्फोथ्रिओनीन तुटताना अख्खे फॉस्फोरिक आम्ल, म्हणजे ९७.९७६९ डाल्टन, सहज टाकून देतात. त्यामुळे आयन-ट्रॅपमध्ये साध्या टक्कर-विघटनाने केलेल्या स्पेक्ट्रममध्ये कित्येकदा ९८२.४३ वरचे, म्हणजे पूर्वआयनातून फॉस्फोरिक आम्ल गेलेले, एकच उंच शिखर दिसते आणि बाकी सारे जमिनीला टेकलेले असते. ते शिखर फॉस्फेट असल्याची चांगली खूण आहे, पण जागा सांगत नाही. वाय-आयनांतून ९८ गेलेली शिखरे तर दिशाभूलही करतात. समजा, १६०१.६९ वर एक शिखर मिळाले. थ्रिओनीनवर फॉस्फेट असलेल्या वाय-१३ मधून फॉस्फोरिक आम्ल गेले तर हेच वस्तुमान येते. आणि फॉस्फेट नसलेल्या वाय-१३ मधून नुसता पाण्याचा एक रेणू गेला, तरी तंतोतंत हेच येते. दोन्हींचे रासायनिक सूत्र एकच असल्यामुळे कितीही अचूक यंत्र आणले तरी त्यांत फरक दिसणार नाही. जी सॉफ्टवेअरे अशा शिखरांना जागा ठरवण्यासाठी गुण देतात, त्यांच्या निकालावर म्हणूनच सही करण्यापूर्वी स्पेक्ट्रम स्वतः उघडून पाहावा.

तुमच्या अहवालातले ०.५८ हे असेच वाचायचे. या आकड्यांची बेरीज एक होते, आणि पुराव्याअभावी दोन जागांत ती जवळपास निम्मी-निम्मी वाटली गेली आहे. याचा अर्थ निवाडा करणारी शिखरे तुमच्या स्पेक्ट्रममध्ये जवळपास नाहीतच. मॅक्सक्वांट हे सॉफ्टवेअर वापरणारे लोक ०.७५ च्या वरच्या जागांना पहिल्या वर्गाच्या म्हणतात. हजारो जागांच्या यादीसाठी ती रेषा ठीक आहे, पण अगदी त्या रेषेवर बसलेली जागा म्हणजे चारांत एकदा चुकीची ठरू शकणारी जागा. एकाच जागेवर पुढचे वर्षभराचे काम उभे करायचे असेल तर मी ०.९५ च्या खाली समाधान मानत नाही, आणि त्यावरही शिखरे मोजतो. आणखी एक शक्यता विसरू नका : सेरीन की थ्रिओनीन, या प्रश्नाचे उत्तर दोन्ही असेही असू शकते, कारण काही रेणूंवर इथे आणि काहींवर तिथे फॉस्फेट असलेली दोन समवस्तुमानी पेप्टाइड्स क्रोमॅटोग्राफीत जवळजवळ एकाच वेळी बाहेर पडतात आणि एकाच मिश्र स्पेक्ट्रममध्ये दोघांची शिखरे येतात. तसे वाटले तर ग्रेडियंट लांबवून ती वेगळी होतात का ते पाहा.

यंत्राच्या बाबतीत, तुमचा स्पेक्ट्रम आयन-ट्रॅपचा असेल तर तोच नमुना ऑर्बिट्रॅप या अचूक यंत्रावर एचसीडी या जोरदार टकरीच्या पद्धतीने तोडून घ्या. तिथे फॉस्फोरिक आम्ल जाऊनही पेप्टाइडचा कणा पुरेसा तुटतो आणि खालच्या वस्तुमानाची शिखरेही दिसतात, ज्यात फॉस्फोटायरोसीनची २१६.०४ वरची स्वतःची खूण येते. टायरोसीनमधून फॉस्फोरिक आम्ल असे सुटत नाही, त्यामुळे ९८ ची घट दिसली नाही म्हणून टायरोसीन नाकारू नये. तीन किंवा अधिक प्रभार असलेल्या लांब पेप्टाइडसाठी ईटीडी उत्तम. त्यात इलेक्ट्रॉनच्या हस्तांतराने कणा तुटतो आणि फॉस्फेट जागच्या जागी राहते. दोन प्रभारांच्या आयनांवर मात्र ईटीडी निष्प्रभ ठरते. मूळ आयनाचे वस्तुमान अचूक मिळते आहे ना, हेही पाहून घ्या : सल्फेटने पडणारी भर ७९.९५६८ डाल्टनची असते, फॉस्फेटपेक्षा केवळ ०.००९५ ने कमी. स्रावित प्रथिनांच्या टायरोसीनवर ही गफलत होऊ शकते. पेशीच्या आतल्या प्रथिनाबाबत तिची चिंता करण्याचे कारण नाही.

तरीही निकाल लागला नाही तर दोन कृत्रिम पेप्टाइड्स बनवून घ्या, एकात सेरीनवर फॉस्फेट आणि दुसऱ्यात थ्रिओनीनवर, आणि शक्य असल्यास टोकाच्या लायसीनला किंवा आर्जिनीनला जड समस्थानिके लावून. ती तुमच्या नमुन्यात मिसळून त्याच वस्तुमानांवर यंत्राची नजर रोखून ठेवली, की मूळ पेप्टाइड कोणाच्या बरोबर बाहेर पडते आणि कोणाच्या स्पेक्ट्रमशी जुळते हे एका दिवसात कळते. उत्परिवर्तनाच्या खर्चापुढे आणि त्यात जाणाऱ्या महिन्यांपुढे ही पेप्टाइड्स स्वस्तच पडतात. जड पेप्टाइडचे प्रमाण ठाऊक असल्याने जागा किती टक्के भरलेली आहे तेही मोजता येते. फॉस्फेटसह आणि फॉस्फेटविना शिखरांच्या उंचीचे नुसते गुणोत्तर घेऊन हा टक्का काढू नये, कारण दोन्ही रूपे सारख्याच सहजतेने आयनित होत नाहीत.

जागा लिहिताना क्रमांक कोणत्या मोजणीतला आहे हेही नमूद करा. बीटा-केसीनचे ३५ वे सेरीन पूर्वप्रथिनाच्या मोजणीत ५० वे ठरते, कारण सुरुवातीचा १५ अमिनो आम्लांचा संकेत-पेप्टाइड नंतर कापला जातो. ग्लायकोजेन फॉस्फोरिलेजचे तर उदाहरण प्रसिद्धच आहे : एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांनी १९५५ मध्ये ज्या एन्झाइमवर हे नियंत्रण दाखवले आणि ज्या कामासाठी त्यांना १९९२ चे नोबेल मिळाले, त्यावरची जागा सारे ग्रंथ १४ वे सेरीन म्हणतात, तर युनिप्रॉट या प्रथिनांच्या माहितीसंग्रहात सुरुवातीचे मेथिओनीन धरून ती १५ वी आहे. क्रमांक न तपासता प्रायमर मागवला तर भलतेच अमिनो आम्ल बदलून बसते.

उत्परिवर्तन करायला घ्याल तेव्हा एकट्या सेरीनचे नव्हे, तर सेरीन, थ्रिओनीन आणि दोन्ही मिळून असे तीन प्रकार एकदमच बनवा, आणि प्रत्येकाचा बँड त्याच फॉस-टॅग जेलवर चालवा. एकट्या सेरीनच्या उत्परिवर्तनात बँड खालीच राहिला तर तुमचा मूळ प्रश्न बराचसा सुटला. पण सेरीन गेल्यावर कायनेज शेजारच्या थ्रिओनीनवर काम भागवू शकते, आणि तसे झाले तर बँड वर जातच राहील. तेव्हा त्या उत्परिवर्तित प्रथिनाचाही वरचा बँड कापून मास स्पेक्ट्रोमीटरवर चालवा.